बटणावरचा शब्द सरळ हवा

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला दोन बटणे असतात. हिरवे दाबले की पंप चालू, लाल दाबले की बंद. कोणाला विचारावे लागत नाही. संगणकावर मात्र शब्द वाचून बटण दाबायचे असते. तो शब्द दुहेरी अर्थाचा निघाला, तर काम बिघडते.

'ओपनस्ट्रीटमॅप' हा जगाचा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. हजारो माणसे तो हौसेने, बिनपैशाने काढतात. २०१० साली हैतीत व २०१५ साली नेपाळात भूकंप झाला, तेव्हा अशा लोकांनी घरी बसून, उपग्रहाने टिपलेली चित्रे पाहून तिथले रस्ते आणि घरे नकाशावर उतरवली. मदतपथकांना ती उपयोगी पडली.

इतक्या हातांचे काम जुळते कसे? वाफे पाडावेत तसे मुलखाचे चौकोन पाडतात. एकाने चौकोन घेतला की तो सोडीपर्यंत दुसऱ्याला घेता येत नाही. काढून झालेला चौकोन मग दुसरा जाणकार तपासतो.

आता समजा, बटणावर नुसते 'झाले' लिहिले. त्याचा अर्थ 'माझे आजचे काम झाले' की 'चौकोनातले प्रत्येक घर काढून झाले'? पहिला अर्थ घेणारा अर्धा चौकोन पुरा म्हणून सोडील. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटले, तर एखादी वाडी नकाशाबाहेर राहील. म्हणून तिथे सरळच विचारतात, 'हा चौकोन पूर्ण काढून झाला का?' उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे सरळ देता येते. अपुऱ्या चौकोनावरही 'अवैध' असा शिक्का न मारता 'आणखी काम हवे' असे दाखवतात. माणूस हिरमुसत नाही आणि पुढे काय करायचे तेही कळते.

मराठीत 'रद्द करा' हा शब्द असाच फसवा आहे. 'केलेले काम रद्द करायचे का?' या प्रश्नाखाली 'होय' आणि 'रद्द करा' अशी बटणे असली, तर काय दाबाल? त्यापेक्षा 'काम पुसून टाका' आणि 'काम राहू द्या' हे शब्द चांगले.

तुमच्या घरातली मुले संगणक शिकत असतील, उद्या दूध सोसायटीसाठी किंवा पाणीवाटपासाठी असे काही तयार करतील. त्यांना एक सांगा. बटणावरचा शब्द आधी आजीला वाचून दाखवा आणि विचारा, 'हे दाबले तर काय होईल?' आजी अडखळली, तर आजीला समजावत बसू नका, शब्द बदला.