ॲटेमोया
ॲटेमोया : (लॅ. ॲनोना ॲटेमोया, कुल – ॲनोनेसी). सीताफळ (ॲनोना स्क्वॅमोसा) व हनुमानफळ (ॲनोना चेरिमोला) या एकाच प्रजातीतील दोन जातींच्या संकरापासून मिळालेला फळवृक्ष. सीताफळाच्या ‘आहाते’ वा ‘आते’ या जुन्या मेक्सिकन नावातील पूर्वार्ध व हनुमानफळाच्या ‘चेरिमोया’ या नावातील उत्तरार्ध जोडून हे नाव तयार झाले आहे. थंडी सोसणारे सीताफळ मिळावे, या अपेक्षेने हा संकर झाला. भारतात मात्र त्याला महत्त्व आले ते अन्य गुणांमुळे. विशेषतः बुलढाणा जिल्ह्यासारख्या कोरडवाहू भागात, जेथे सीताफळ डोंगरउतारांवर आपोआप वाढते, तेथे या संकराचे गुण व मर्यादा दोन्ही विचारात घ्याव्या लागतात.

जनकवृक्ष : सीताफळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असून पोर्तुगीजांमार्फत ते भारतात आले, असे सामान्यतः मानतात. झाड सु. ३ ते ६ मी. उंच, पानझडी व काटक असते. हलक्या, मुरमाड व खडकाळ जमिनीत ते तग धरते आणि त्याची पाने गुरे खात नाहीत. त्यामुळे कुंपण व राखण नसतानाही ते टिकते. मात्र कडाक्याची थंडी व धुके त्याला सोसत नाही. हनुमानफळाचा वृक्ष याच्या उलट स्वभावाचा आहे. अँडीज पर्वतातील उंच, थंड खोऱ्यांत त्याची लागवड फार पूर्वीपासून होत आली असून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरही त्याच्या बागा आहेत. त्याचा गर मुलायम व आंबटगोड असतो, परंतु उष्ण सपाट प्रदेशात त्याला फळे नीट धरत नाहीत.

इतिहास : अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मायामी येथील केंद्रात पी. जे. वेस्टर यांनी १९०८ मध्ये या दोन जातींचा संकर घडवून आणला. दोन्ही जातींतील गुणसूत्रांची संख्या सारखीच (१४) असल्यामुळे संकर साधला व संतती जननक्षम निघाली. १९१७ मध्ये मायामी येथे तापमान सु. −३° से. पर्यंत उतरले असता संकरित झाडे जगली व हनुमानफळाची सहनशीलता त्यांच्यात उतरल्याचे दिसून आले. पुढे ऑस्ट्रेलिया, इझ्राएल, दक्षिण आफ्रिका इ. देशांत निवड करून ‘आफ्रिकन प्राइड’, ‘गेफनर’ यांसारखे प्रकार लागवडीत आले.

थंड हवामानासाठी फळझाडांची पैदास करण्याची ही पद्धत इतरत्रही वापरली जाते. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात निरनिराळी वाणसामग्री एकत्र आणून हॅस्कॅप (लोनिसेरा सेरुलिया) या निळ्या मृदुफळाच्या झुडपाचे ‘टंड्रा’, ‘बोरिॲलिस’ इ. प्रकार तयार करण्यात आले व ते २००७ मध्ये प्रसारित झाले. या झुडपाची उमललेली फुले सु. −७° से. तापमानही सोसतात. पैदासकार एका प्रदेशातील सहनशील वाण घेऊन त्याची दुसऱ्या प्रदेशातील चांगल्या फळाच्या वाणाशी सांगड घालतो, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच आहे.

भारतातील कार्य : बंगलोर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘आयलंड जेम’ हा ॲटेमोयाचा प्रकार व ‘मॅमथ’ हा सीताफळाचा प्रकार यांच्या संकरातून ‘अर्का सहन’ हा प्रकार तयार केला. म्हणजे ॲटेमोयाचा पुन्हा एकदा सीताफळाशी संकर करण्यात आला. याची फळे मोठी व अतिशय गोड असून त्यांत बिया कमी असतात. डोळे सपाट असतात व फळ सावकाश पिकते. महाराष्ट्रात निवड पद्धतीनेही सुधारणा झाली आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे जाधववाडी (ता. पुरंदर) येथील केंद्र व परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अंबेजोगाई येथील केंद्र यांनी ‘फुले पुरंदर’ व ‘धारूर-६’ हे प्रकार दिले. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील बागाईतदार नवनाथ कसपटे यांनी निवडलेला ‘एनएमके-१’ हा प्रकार राज्यात व राज्याबाहेर पसरला आहे.

परागण : या वर्गातील फुलांत किंजल्के आधी पक्व होतात व केसरदलांतील पराग नंतर मोकळे होतात. त्यामुळे एकाच फुलात स्वपरागण सहसा होत नाही. लहान भुंगेरे पराग वाहून नेतात, पण उन्हाळ्यातील कोरड्या हवेत किंजल्के लवकर सुकतात व बहुतेक फुले गळून जातात. पावसाळा सुरू होऊन हवा दमट झाली की फळधारणा वाढते. फळ अनेक किंजदलांचे मिळून झालेले घोसफळ असल्याने काही किंजदलांचेच परागण झाले, तर ते लहान व वेडेवाकडे होते. ‘अर्का सहन’सारख्या प्रकारात सीताफळाचे पराग कुंचल्याने किंजल्कांवर लावावे लागतात. असे हस्तपरागण केल्यास फळे भरपूर व सुडौल मिळतात, परंतु मजुरी वाढते.

बुलढाणा जिल्हा : जिल्ह्याच्या मध्यातून अजिंठ्याचे डोंगर गेले असून उत्तरेस पूर्णा नदीचे सखल खोरे व त्यापलीकडे सातपुड्याचा पायथा आहे. डोंगरउतारांवरील उथळ, मुरमाड जमीन सीताफळास मानवते. तेथे रानात व बांधांवर बियांपासून उगवलेली झाडे आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांची फळे वेचून बाजारात आणतात. अशा झाडांना खत, पाणी वा औषध यांवर खर्च होत नाही. कोरडवाहू पिके हातची गेली, तरी ही फळे थोडाफार पैसा मिळवून देतात. तथापि बियांपासून आलेल्या झाडांत एकसारखेपणा नसतो, गर कमी व बिया फार असतात. काढलेले फळ तीन-चार दिवसांत पिकते व पिकल्यावर जेमतेम एक-दोन दिवस टिकते. शीतगृहाचाही फारसा उपयोग होत नाही, कारण सु. १३° से. च्या खाली फळाची साल काळी पडते. साहजिकच दूरच्या बाजारापेक्षा जवळच्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव विक्रेत्याला पतकरावा लागतो.

या परिस्थितीत संकराचा थंडी सोसण्याचा गुण दुय्यम ठरतो. कमी बिया व सावकाश पिकणे हे गुणच येथे मोलाचे आहेत, कारण पिकण्यास लागणारा प्रत्येक जादा दिवस विक्रीचे क्षेत्र वाढवितो. उलटपक्षी, या प्रकारांना फळे पोसण्याच्या काळात पाणी, नियमित छाटणी, पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त व हस्तपरागण लागते. ज्याच्याकडे विहीर वा शेततळे आहे त्यालाच हा खर्च परवडतो. केवळ पावसावर अवलंबून असणाऱ्याने काटक स्थानिक झाडांतील चांगले झाड निवडून त्याच्या काड्या स्थानिक खुंटांवर मृदुकाष्ठ कलमाने बांधणे अधिक सुरक्षित होय.

रानटी झाडांचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. कलमांच्या बागेतील सर्व झाडे एकाच वृक्षाची अंशरूपे असल्याने एखादा रोग वा कीड त्या सर्वांना सारखीच बाधक ठरू शकते. उतारावरील बियांपासून वाढलेल्या झाडांत मात्र प्रत्येकाची घडण थोडी निराळी असते. दुष्काळात तग धरणारे, उशिरा फळणारे किंवा कमी बियांचे झाड त्यांतच सापडण्याचा संभव असतो. ॲटेमोयाची निर्मिती झाली ती सीताफळ व हनुमानफळ हे दोन निराळे वाण हाती होते म्हणून. डोंगरावरील ही झाडे तोड व वणवा यांत नष्ट झाली, तर पुढील पैदाशीसाठी निवडीचे क्षेत्र तितकेच संकुचित होईल.

उपयोग : फळ ताजे खातात. गर काढून गोठविता येतो व तो आइसक्रीम, रबडी, बासुंदी इत्यादींत वापरतात. बिया विषारी असून त्यांची पूड कीटकनाशक आहे. ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.