दख्खनचा पाषाण आणि माश्यांची कुळे

अंबर म्हणजे झाडाच्या राळेचे जीवाश्म. खोडावरून ओघळणाऱ्या राळेत चिलट रुतते, वरून दुसरा ओघळ येतो आणि कीटक हवेपासून तुटतो. गाळाच्या खडकात माशीचा बहुधा चपटा पंख तेवढा उरतो. अंबरात स्पर्शिकेवरचे केसही जागच्या जागी दिसतात. माशीचे कूळ पंखांतील शिरांची मांडणी, स्पर्शिकेची पेरे अशा बारीक खुणांवरून ठरते. म्हणूनच हा पुरावा अनमोल आहे.

माशी, डास, चिलट हे सारे द्विपंखी. त्यांच्या पंखांच्या मागच्या जोडीचे आक्रसून गदेच्या आकाराचे संतोलक झाले आहेत. या गणाच्या सर्वांत जुन्या जीवाश्मांपैकी काही सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे असून ते फ्रान्सच्या व्होज भागातील खडकांत मिळाले. लेबनॉनच्या सुमारे १२.५ ते १३ कोटी वर्षांच्या अंबरात चावऱ्या चिलटांचे कूळ स्पष्ट ओळखू येते. ब्रायन वीगमन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जनुके आणि शरीररचना ताडून मांडले, की माश्यांचा विस्तार तीन लाटांत झाला: सुमारे २२ कोटी, १८ कोटी आणि ६.५ कोटी वर्षांपूर्वी.

घरमाशी, फळमाशी, निळी माशी ही तिसऱ्या लाटेची कुळे. त्यांच्या अळीची कातच टणक होऊन कोश बनते. पूर्ण वाढलेली माशी कपाळातून एक पिशवी फुगवते, कोशाचे टोपण उडवते आणि बाहेर येते. पुढे पिशवी आत जाते. कपाळावर कमानीसारखी खाच मात्र कायम राहते. या गटाच्या ५०,००० हून अधिक जाती आज ज्ञात आहेत.

या तिसऱ्या लाटेच्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनवर लाव्हाचे थर साचत होते. अहिल्यानगरला लागून असलेल्या केडगावात विहीर खणताना मुरमाखाली लागणारा काळा पाषाण त्याच लाव्हाचा. या पाषाणात अंबर नाही. मात्र दख्खनच्या लाव्हानंतर साचलेल्या, गुजरातच्या सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या थरांत ते विपुल आहे.

येस रुस्ट, हुकम सिंग, राजेंद्र राणा, डेव्हिड ग्रिमाल्डी आदींनी २०१० मध्ये या अंबराचा, म्हणजेच ‘खंबायत अंबरा’चा, अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १५० किलो अंबरातून ७०० हून अधिक संधिपाद जीव मिळाले. वय ५ कोटी वर्षांहून अधिक. राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची. सालाची राळ आजही धुपात जळते. या अंबराचे रेणू एकमेकांशी पूर्ण जुळलेले नसल्याने ते द्रावकात विरघळते आणि कीटक अखंड बाहेर काढता येतो. मग चावऱ्या चिलटाच्या मादीच्या जबड्याचे दातेही सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात.

भारत कोट्यवधी वर्षे बेटासारखा एकटा वाहत आला, तेव्हा येथील कीटक जगावेगळे असावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचे सगेसोयरे युरोप, आशिया आणि अमेरिकेतही निघाले. भारत आशियाला पुरता भिडण्याआधीच कीटकांची ये-जा सुरू झाली होती, असा याचा अर्थ.

अंबराचा पुरावा एकांगी असतो. त्यात जंगलातले, मिलिमीटरभर आकाराचे कीटक अधिक अडकतात. दांडगी माशी राळेतून सुटून जाते. त्यामुळे एखादे कूळ अंबरात नाही म्हणून ते त्या काळी नव्हतेच, असे ठरत नाही. तरीही क्रम स्पष्ट आहे: केडगावच्या गोठ्यात संध्याकाळी घोंगावणाऱ्या चावऱ्या चिलटांचे कूळ खालच्या पाषाणाहून जुने, तर घरमाशीच्या गटाचा मोठा विस्तार त्या पाषाणाच्या सुमारास आणि त्यानंतर झाला.