कुलूप शाबूत, घर उघडं

अल्लीपुरातल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायची सोयच नव्हती. आतून मनगटाएवढा सागवानी अडसर होता. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचा आणि समोरच्या भोकात सरकवायचा, की झालं. पण तो घालायला आत माणूस लागे. कापूस वेचायला सगळं घर शेतात गेलं तरी आजी सपरीत बसलेली असेच.

आता आजी नाही आणि मुलं नागपूर-पुण्याला. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू झाली, की दिवसभर आळीच्या आळी ओस पडते. भाऊबीजेला तर घरातल्या लेकीसुना एकदमच गावाला निघतात. अशा वेळी दारावर लटकणारं मोठं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच.

गेल्या वर्षी मीही असंच एक भारी कुलूप आणलं. ते बसवायला आलेल्या सुतारानं कुलपाकडे पाहिलंसुद्धा नाही. कडीची पट्टी धरून हलवली, पेचकस लावला आणि तीन आट्यांत स्क्रू हातात काढून दिला. जेमतेम अर्ध्या इंचाचा. ‘‘हे पेचकसानं बसवलेच नाही भाऊ, हातोडीनं ठोकले हायेत. कुलपाले कोन हात लावते जी? कोयंडाच उपटते.’’

ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो, मग त्याच्या आट्यांना धरायला काही उरत नाही. टॉमीचा एक हिसका, की कुलूप कडीसकट खाली येतं, तेही न उघडता. अर्देशिर गोदरेजांनी 1897 साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून कुलूप सुधारत गेलं. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक लिव्हर नेमकी तेवढीच उचलली गेली तरच खिट्टी सरकते. कोयंडा मात्र बहुतेक घरांत अजून आठवडी बाजारातलाच असतो. आमच्या सुतारानं दारात आरपार भोक पाडून बोल्ट घातले. बाहेर गुळगुळीत गोल डोकं, आत वायसर आणि नट. बाहेरून पेचकस लावायला जागाच नाही. माझं मत विचाराल तर पैसे थोडे असतील तेव्हा साधं कुलूप घ्या आणि उरलेले कोयंड्यावर घाला. जमत असेल तर दारातच बसणारं इंटरलॉक लावा. ते लटकत नाही, त्यामुळे घर बंद आहे की कोणी आत झोपलंय, हे रस्त्यावरून कळत नाही.

घर फोडणारा कच्ची जागा शोधतो, ही गोष्ट फार जुनी आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडण्याआधी पक्की वीट, कच्ची वीट, माती, लाकूड यांचा हिशेब करतो आणि माप घ्यायला दोरी विसरला म्हणून जानवं वापरतो! ‘घरफोडी’ या शब्दात ती फोडलेली भिंत अजून आहे. आता भिंती सिमेंटच्या झाल्या, म्हणून नजर मागच्या दाराकडे गेली. पुढचं दार सागाचं आणि परसातलं पत्र्याचं, अशी घरं आमच्याकडे कमी नाहीत. त्याच परसात शिडी भिंतीला टेकवलेली असते. ती आत घ्या.

खिडकीचंही तेच. ग्रील जाड असते, पण बाहेरून चार स्क्रूंवर टांगलेली. ती चौकटीच्या आतून घ्यावी किंवा भिंतीत गाडावी. निदान स्क्रूची डोकी वेल्डिंग करून बुजवावीत. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी तर रुळातून वर उचलून काढता येते. खालच्या रुळात मापानं कापलेली काठी टाकली, की ती सरकत नाही. उचलू नये म्हणून वरच्या रुळातली मोकळी फट भरावी लागते. मात्र घराचा पिंजरा करू नका. आग लागली तर बाहेर पडायला एक ग्रील बिजागरीची हवी. तिची किल्ली आत खिळ्याला असावी, घरातल्या सगळ्यांना माहीत, पण बाहेरून हात पोचणार नाही इतकी लांब.

आणि ती दुसरी किल्ली! तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीवर. सापडलेल्या किल्लीनं दार उघडून शिरणं कायद्यानं घरफोडीच ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला 14 वर्षांपर्यंत कैद आहे. पण ती चोर सापडल्यावर. किल्ली शेजारी द्या, गावाला जाताना पोलीस ठाण्यात सांगा, आणि मोबाइलवर प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. संशयास्पद काही दिसलं तर 112 आहे.

या भाऊबीजेला आम्ही निघालो तेव्हा किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. त्यांनी संध्याकाळी आमच्या सपरीतला दिवा लावायचं कबूल केलं. परतलो तर आमच्याच ओट्यावर त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.