बंदूक अंगाला बसते का?

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात भात पोटरीला आलं की राखण सुरू होते. रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी घ्या किंवा सावित्रीच्या खोऱ्यातली वरच्या अंगाची एखादी वाडी घ्या, कडेची खाचरं रानाला खेटूनच असतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो. पत्र्याचे डबे बडवून होतात, फटाके लावून होतात आणि मग पारावरचं बोलणं बंदुकीवर येतं. एकनळी घ्यावी की दुनळी, जुनी इंग्लिश बरी की सरकारी कारखान्याची नवी, कितीला मिळेल, यावर घटकाभर चर्चा होते. पण ती खांद्याला लावल्यावर आपला डोळा नेमका कुठे येतो, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. बार लागतो की वाया जातो, याचा बराचसा निकाल त्याच प्रश्नात दडलेला असतो.

आधी कायद्याचं. शौकाची शिकार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपली. रानडुक्कर पिकाची नासाडी करत असलं, तरी ते मारायला वनविभागाचा लेखी आदेश लागतो आणि अशा आदेशानं मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं. बंदुकीचा परवाना हातात आहे म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत आणि कागदही वेगळे. 1959चा शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरून चालतो; ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान 20 इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर. प्रत्यक्षात शेतकऱ्याचा बहुतेक बार हवेतला, आवाजापुरता असतो. तरीही बंदूक मापाची हवी, कारण बेमाप बंदूक हवेत उडवली तरी खांदा आणि गाल सुजवते.

आता मूळ मुद्दा. रायफलला पुढे आणि मागे अशा दोन खुणा असतात, त्या जुळवून सिस्त धरायची. छऱ्याच्या बंदुकीला नळीच्या टोकाला फक्त एक माशी असते. मागची खूण म्हणजे तुमचा स्वतःचा डोळा. पळत्या जनावरावर किंवा उडत्या तबकडीवर बार टाकताना नळी न्याहाळत बसायला वेळ नसतो. नजर लक्ष्यावर, बंदूक गालाला, की चाप. अशा वेळी डोळा दर खेपेला त्याच जागी आणून ठेवण्याचं काम लाकडी दस्ता करतो. डोळा उंच राहिला तर बार उंच जातो, खाली बसला तर खाली. डावीकडे राहिला तर डावीकडे, उजवीकडे राहिला तर उजवीकडे. एवढं एकच सूत्र लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

फरक किती पडतो, तेही पाहू. बंदुका बेतणाऱ्या कारागिरांचा जुना हिशेब असा आहे की दस्त्यावर इंचाचा सोळावा भाग बदलला, तर 16 यार्डांवर, म्हणजे साधारण 15 मीटरवर, बार एक इंच सरकतो. दस्ता अर्धा इंच चुकला असेल तर तेवढ्याच अंतरावर आठ इंचांची चूक झाली. तीस मीटरवर ती सोळा इंच होते. छऱ्यांचा पसारा थोडंफार सांभाळून घेतो, पण सोळा इंच सांभाळत नाही.

मापं घेण्याआधी डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या एखाद्या ठळक वस्तूवर बोट रोखा. हिरकणीवाडीत असाल तर समोर गडाचा कडा आहेच, त्यातला एक धोंडा धरा. मग डावा डोळा मिटा. बोट धोंड्यावरच राहिलं तर तुमचा उजवा डोळा कर्ता. बोट बाजूला उडी मारल्यासारखं दिसलं तर कर्ता डोळा डावा. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा डोळा कर्ता असेल, तर दस्ता कितीही मापाचा असो, बार डावीकडे जात राहणार. उपाय दोनच: बंदूक डाव्या खांद्याला लावायला शिकायचं, नाहीतर बार टाकताना डावा डोळा मिटायचा. वयात आलेल्या माणसाला खांदा बदलणं जड जातं. नव्यानं शिकणाऱ्या पोराला मात्र पहिल्या दिवसापासून कर्त्या डोळ्याच्या बाजूनंच शिकवावं.

मग लांबी. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं हे अंतर. दुकानात कोपर काटकोनात वाकवून, दस्ता कोपराच्या खाचेत टेकवून बोट चापाला पोचतं का ते बघतात. ही पद्धत अंदाजापुरती ठीक आहे. खरी कसोटी बंदूक खांद्याला लावून गाल टेकवल्यावर लागते: दस्त्याच्या मुठीवरचा अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. जागा राहिली नाही तर धक्क्यानं अंगठा नाकावर आदळतो. जास्त राहिली तर मान ताणली जाते आणि बंदूक वर घेताना दस्ता काखेत अडकतो. जुन्या विलायती बंदुकांचं हे माप साडेचौदा इंचांच्या आसपास सापडतं. ते लांब हातांच्या, उंच मान असलेल्या साहेबाला बेतलेलं होतं. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या माणसाला त्यापेक्षा अर्धा-एक इंच आखूड दस्ता सोयीचा पडतो. त्यात आपली राखण पावसातली. अंगावर घोंगडी किंवा जाड रेनकोट असला की खांदा तेवढाच पुढे येतो, तोच दस्ता आणखी लांब होतो आणि घोंगडीत अडकतो. म्हणून माप घ्यायला जाताना राखणीला जे अंगावर घेता, तेच घालून जा. दुकानदार हसला तर हसू दे.

सगळ्यात नाजूक माप म्हणजे दस्त्याचा उतार. नळीवरची सरळ रेघ मागे वाढवली तर दस्त्याची वरची कड तिच्याहून किती खाली आहे, ते हे माप. गाल टेकतो तिथे दीड इंच आणि मागच्या टोकाला दोन-सव्वादोन इंच, हे बऱ्याच शिकारी बंदुकांचं ठरलेलं माप. गोल, भरलेल्या चेहऱ्याला थोडा जास्त उतार लागतो, उभट चेहऱ्याला वेगळा. हे तपासायला आरसा पुरतो. बंदूक उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करून घ्या, काडतुसं त्या खोलीतही नकोत. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल नेहमीसारखा टेकवा आणि आरशातल्या स्वतःच्या डोळ्यासमोर डोळे उघडा. बाहुली नळीच्या पाठीवर, अगदी मधोमध, जेमतेम वर बसलेली दिसली पाहिजे. नुसता बंदुकीचा मागचा भागच दिसला, तर डोळा खाली आहे. नळीची पाठ लांबलचक, चढणीच्या रस्त्यासारखी दिसली, तर डोळा उंच आहे. एकदा करून भागत नाही. दहा-बारा वेळा करा, कारण पहिल्या दोन वेळा माणूस नकळत मान वाकवून बंदुकीशी जुळवून घेतो. राखणीच्या रात्री, झोपेतून उठल्यावर, ती मान कोणी वाकवत नाही.

बाजूचा कलही असतो. आपला गाल जाड आहे, डोळा चेहऱ्याच्या आत आहे. दस्ता नळीच्या सरळ रेषेत असेल तर उजव्या हाताच्या माणसाचा डोळा नळीच्या डावीकडे राहतो. म्हणून दस्ता किंचित उजवीकडे झुकवलेला असतो. डावखुऱ्याला उलट. डावखुऱ्या माणसानं उजव्या कलाची बंदूक घेतली तर त्याचा तोटा दुप्पट होतो. दस्त्याच्या मागच्या तोंडाचा तिरपेपणा शेवटचा: तो चुकला तर दस्त्याचं वरचं नाहीतर खालचं टोक खांद्यात रुततं आणि बाराबरोबर दस्ता घसरतो. खांद्यावर फक्त एकाच ठिकाणी काळंनिळं पडत असेल, तर चूक बहुधा इथे आहे.

खरी अडचण वारशाच्या बंदुकीची. 2016च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो 70 वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र 25 वर्षं जवळ असल्यावर ते वारसाच्या नावे करता येतं. त्यामुळे आजोबांची दुनळी नातवाकडे येते. आजोबांच्या मापाचा सदरा नातू उसवून घेतो, बंदूक मात्र तशीच वापरतो आणि बार चुकला की नळीला दोष देतो. नळीला हात लावूच नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. काम करायचं ते दस्त्यावर, तेही परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडून. लांब दस्ता मागून कापता येतो, आखूड दस्त्याला रबरी गादी लावून लांबवता येतं. उतार जास्त असेल तर वरच्या कडेवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटपट्टीनं बसवून आधी माप पक्कं करायचं, मग त्या जागी चामड्याची गादी. नव्या काही बंदुकांत दस्ता आणि यंत्र यांच्यामध्ये पाचर बदलून उतार-कल हलवता येतो. जुन्या अक्रोडाच्या दस्त्याला कारागीर गरम जवसाचं तेल देऊन वाक देतात; हे काम गावच्या सुताराचं नव्हे, तो कितीही हुशार असला तरी.

जुनी बंदूक हाती आली की आणखी एक गोष्ट मापाइतकीच महत्त्वाची: काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर पुष्कळदा अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं. 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसल्यासारखं दिसतं, कारण ते उडाल्यावर उलगडून लांब होतं. उलगडायला जागा मिळाली नाही की दाब धोक्याच्या पातळीला जातो. नळीवर माप आणि चाचणीचे शिक्के कोरलेले असतात, ते वाचता येणाऱ्याला दाखवा. वळणदार नक्षीच्या जुन्या दमास्कस नळ्यांत आजची काडतुसं तपासणीशिवाय घालू नका.

नळीच्या तोंडाच्या आवळेपणाला चोक म्हणतात. त्याची मोजणी 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात होते: पूर्ण चोकमधून साधारण 70 टक्के छरे त्या वर्तुळात पडतात, अर्ध्या चोकमधून 60, चोक नसलेल्या नळीतून 40. दुनळीत सहसा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ असते. डोंगरात बार क्वचितच 30 मीटरच्या पुढे टाकावा लागतो, त्यामुळे पूर्ण चोकचा हट्ट मला व्यर्थ वाटतो. आपल्या कातळात तर एक वेगळंच भय आहे: खडकावर आदळलेला छरा कुठे उसळेल ते सांगता येत नाही, आणि रायगडाच्या पायथ्याला पायरीवाटेवर, रोपवेखाली, रानात माणूस कोणत्याही दिशेला असू शकतो. पसारा तपासायचा तो परवानगी असलेल्या रेंजवरच.

रेंजचा विषय निघालाच आहे तर उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीचं सांगतो. महाराष्ट्राचं नाव नेमबाजीत मोठं झालं ते रायफल आणि पिस्तुलावर: अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे. छऱ्याच्या बंदुकीत देशाला ऑलिंपिक पदक मिळालं ते 2004मध्ये अथेन्सला, राज्यवर्धनसिंह राठोड यांना डबल ट्रॅपमध्ये. तबकडी 110 मिलिमीटर रुंद, सुमारे 105 ग्रॅमची, आणि ती मातीची नसून डांबरासारखा राळेचा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची असते. ट्रॅप या प्रकारात ती नेमबाजाच्या पुढे 15 मीटरवरच्या खंदकातून सुटते आणि दूर, वर चढत जाते. म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दाम उंच मारणारी बनवतात: दस्त्याची कड उंच, नळ्या एकावर एक, 30 ते 32 इंच लांब, वजन साडेतीन किलोच्या वर, आणि बंदूक आधीच खांद्याला लावून तबकडी मागायची. स्कीट या दुसऱ्या प्रकारात दस्ता कमरेपाशी धरून तबकडी दिसल्यावर वर घ्यायचा, त्यामुळे बंदूक चपळ हवी, दस्ता कपड्यात न अडकणारा हवा आणि बार नजरेच्या रेषेत हवा. काडतुसात दोन्हीकडे छरे जास्तीत जास्त 24 ग्रॅम.

यावरून शेतकऱ्यानं घ्यायचं ते इतकंच. कोणी ट्रॅपची देखणी, महागडी बंदूक स्वस्तात देऊ केली तर मोहात पडू नका. ती चढत्या लक्ष्यासाठी बेतलेली आहे; जमिनीलगत पळणाऱ्या डुकराच्या पाठीवरून तिचा बार निघून जाईल, आणि बांधावरून साडेतीन किलो खांद्यावर वागवताना दम निघेल तो वेगळाच. राखणीला तीन-सव्वातीन किलोची, सरळ मारणारी बंदूक पुरे. त्याहून हलकी घेतली तर वागवायला सुखाची, पण तिचा धक्का जबर असतो. स्कीटकडून मात्र एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: रिकामी बंदूक रोज कमरेपासून खांद्याला नेण्याचा सराव. त्याला काडतूस लागत नाही, आणि दस्ता कुठे अडकतो ते घरातच कळतं.

राखणीच्या हंगामातच बंदूक घराबाहेर जाण्याची वेळही येते. विधानसभेच्या 2009, 2014 आणि 2019 या तिन्ही निवडणुकांचं मतदान ऑक्टोबरात झालं, म्हणजे ऐन कापणीत. आचारसंहितेत छाननी समितीनं ठरवलं तर बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. परत आणल्यावर ती वापरण्याआधी नळीतून उजेडाकडे बघा. ओलीचा गंज किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर आत असेल तर नळी फुटू शकते.

विकत घेताना आरसा, अंगावरचा कांबळा आणि इंचाची टेप घेऊन जा, आणि पैसे देण्याआधी दस्त्याची मापं लिहून मागा. बंदुकीचा नंबर एकदा परवान्यावर चढला, की ती बदलायला पुन्हा कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात.