आरव्हीचे पाय: हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, आणि घराला जमीन सपाट लागते. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर ती तशी मिळेलच असं नाही. म्हणून गाडी उभी केली की तिच्या चासीखालून चार किंवा सहा पोलादी पाय उतरवायचे आणि गाडी समतल करायची. चाकांखाली फळ्या सरकवून हे काम होत असे, आजही होतं; पण मोठ्या गाड्यांत आता बटण दाबायचं असतं. हे पाय हायड्रॉलिक असावेत की इलेक्ट्रिक, यावर आरव्हीवाल्यांत दोन तट आहेत. तिकडे राहणारं एखादं मराठी कुटुंब पहिली आरव्ही घ्यायला निघालं की दोन्हीकडचे सल्ले कानावर येतात. त्यातले बरेचसे अर्धवट असतात.

गैरसमज: हायड्रॉलिक तेलावर चालतं, त्याला विजेची गरज नाही. बॅटरी खातं ते इलेक्ट्रिक.

वस्तुस्थिती: दोन्ही बारा व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात. फरक एवढाच की जोर कुठे तयार होतो. हायड्रॉलिकमध्ये एक मोटर आणि एक पंप असतो. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह उघडतील तसं ते तेल नळ्यांतून एकेका पायाच्या सिलिंडरमध्ये जातं. एका मोटेवर चार वाफे भिजवावेत तसा हा कारभार. इलेक्ट्रिकमध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर, स्वतःचा गिअरबॉक्स आणि आट्यांचा जाड स्क्रू असतो. तेल नाही, नळ्या नाहीत, फक्त वायरी.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. बॅटरीचंच बघा. सगळा भार एकाच मोटरीवर असल्यामुळे हायड्रॉलिकचा पंप ऐन जोरात शंभरच्या आसपास अँपिअर ओढू शकतो. आकडा ऐकून छाती दडपते, पण काम दोन-तीन मिनिटांचं असतं. १०० अँपिअर दोन मिनिटं म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीतून तीन-साडेतीन टक्के गेले. बॅटरी रिकामी होण्याची भीती फारशी नाही, व्होल्टेज कोसळण्याची आहे. बॅटरी जुनी असेल, तिच्या टर्मिनलवर गंज चढला असेल, तर भार आल्या क्षणी व्होल्टेज खाली येतं आणि नियंत्रक काम थांबवतो. इलेक्ट्रिक पायांच्या बाबतीतही हेच होतं. ‘लेव्हलिंग बिघडलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारीत आधी बॅटरी आणि अर्थिंगची जोडणी तपासावी. पंप किंवा मोटर उघडण्याची पाळी त्यानंतरची.

गैरसमज: हायड्रॉलिक हे खरं, इलेक्ट्रिक हा स्वस्तातला पर्याय.

वस्तुस्थिती: इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावाला आरव्ही उद्योगाची राजधानी म्हणतात. तिथली लिपर्ट ही कंपनी पिकअपच्या हौद्यात जोडायच्या फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी दोन्ही प्रकार विकते: ‘ग्राउंड कंट्रोल’ हे इलेक्ट्रिक आणि ‘लेव्हल-अप’ हे हायड्रॉलिक. एक प्रकार सर्रास श्रेष्ठ असता तर एकाच कारखान्याने दुसरा कशाला ठेवला असता?

निवड ठरते ती वजनावर. हायड्रॉलिकचा जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पाच सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर. त्यावर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाब आला की एकटा पाय चार टन उचलतो, तोही सहज आणि पटकन. बसएवढ्या, दहा-पंधरा टनांच्या क्लास ए मोटरहोमला म्हणूनच हायड्रॉलिक शोभतं. तेवढाच जोर स्क्रूने काढायचा तर गिअर वाढवावे लागतात आणि वेग घटतो. उलट, मध्यम वजनाच्या ट्रेलरला पंप, टाकी, नळ्या आणि तेल यांचं ओझं वाहायला लावण्यात अर्थ नाही. ट्रेलरमध्ये सामान किती भरायचं याला मर्यादा असते, आणि यंत्रणेचं वजन त्या हिशेबातूनच वजा होतं.

एक गोष्ट मात्र हायड्रॉलिकच्या बाजूने नोंदवायला हवी. गाडी उभी केल्यावर बाजूला बाहेर काढायच्या सरकत्या खोल्याही हायड्रॉलिक असतील, तर तोच पंप त्याही ढकलतो. एका पंपात दोन कामं होतात. अर्थात तो बसला की दोन्ही अडतात.

गैरसमज: हायड्रॉलिक गळणारच. इलेक्ट्रिकला देखभालच नको.

वस्तुस्थिती: हायड्रॉलिकचं दुखणं निदान दिसतं. बऱ्याच यंत्रणांत गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात तेच लाल तेल असतं, त्यामुळे गाडीखाली लाल थेंब दिसले की सील किंवा नळीचा सांधा बघायचा. सील जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाहेर आलेल्या चकचकीत दांड्यावर बसलेली धूळ आणि गंज. पाय वर घेण्याआधी दांडा फडक्याने पुसायला मिनिट लागतं, आणि तेवढ्याने सीलचं आयुष्य वाढतं. तेलाची पातळी बघायची ती सगळे पाय वर आणि सरकत्या खोल्या आत असताना. पाय खाली असताना टाकी अर्धी दिसते, माणूस वरपर्यंत तेल ओततो आणि पाय वर येताच सिलिंडरमधलं तेल परतून टाकी ओसंडते.

इलेक्ट्रिकचं दुखणं आतलं असतं. रस्त्यावरचं पाणी, थंडीत बर्फावर टाकलेलं मीठ आणि चिखल यांचा मारा मोटरीच्या डब्यावर आणि वायरींच्या जोडांवर होतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि एके दिवशी एक पाय हलत नाही. मग नुसती त्या पायाची मोटर बदलून भागतं, हे खरं. पण एक पाय संपावर गेला की स्वयंचलित लेव्हलिंगही थांबतं, हेही तितकंच खरं.

गैरसमज: वाटेत बिघाड झाला की गाडी जागेवर अडकली.

वस्तुस्थिती: पाय हाताने वर घेण्याची सोय बहुतेक यंत्रणांत असते. लिपर्टच्या हायड्रॉलिक पंपाच्या मोटरीवर एक झाकण किंवा चिकटपट्टी असते. तिच्यामागच्या षटकोनी टोकाला साधं बॅटरीवरचं ड्रिल लावून पंप फिरवता येतो. इलेक्ट्रिक पायांना पाना किंवा ड्रिल लावायची जागा असते, पण तिथे प्रत्येक पाय वेगळा फिरवावा लागतो. काही मोटरहोममध्ये पाय वर खेचायला स्प्रिंग असतात, व्हॉल्व्ह हाताने उघडला की ते पाय मागे जातात. आपल्या गाडीत यातलं काय आहे हे घरच्या अंगणात एकदा करून पाहावं. पावसात, अंधारात, मॅन्युअल शोधत ते शिकायची वेळ येऊ नये.

गैरसमज: गाडी काट्यावर समतल नसेल तर फ्रिज जळतो.

वस्तुस्थिती: या भीतीला आधार आहे, पण ती फार ताणली जाते. गॅसवर चालणाऱ्या आरव्ही फ्रिजमध्ये काँप्रेसर नसतो. त्यात अमोनियाचं द्रावण उष्णतेने आणि गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी फार कलली की द्रावण साचतं, उष्णता देणारा भाग कोरडा पडून जास्त तापतो आणि नळीत कायमचा अडथळा होऊ शकतो. पण साधारण मर्यादा एका दिशेला तीन अंश आणि दुसऱ्या दिशेला सहा अंश अशी असते. दोन मीटर अंतरावर तीन अंश म्हणजे दहा सेंटिमीटर उतार. एवढ्या कललेल्या गाडीत माणसालाच झोप लागत नाही. बारा व्होल्टच्या काँप्रेसर फ्रिजला तर हा जाच जवळजवळ नाहीच. तेव्हा शेवटचा अर्धा अंश कोणती यंत्रणा अचूक गाठते, यावर पैसे मोजू नयेत. बाथरूमचं पाणी मोरीकडे जातंय आणि दारं आपोआप उघडत नाहीत, एवढं पुरे.

गैरसमज: ऑटो बटण दाबलं की यंत्रणा सगळं बघते.

वस्तुस्थिती: यंत्रणेला ‘समतल’ म्हणजे काय हे आधी शिकवावं लागतं. गाडी हाताने समतल करून ती स्थिती शून्य म्हणून नोंदवतात. संवेदक असलेला डबा जागचा हलला, तर यंत्रणा पूर्ण आत्मविश्वासाने गाडी वाकडी उभी करते.

दुसरी बाब सुरक्षेची, आणि माझ्या मते यंत्रणा कोणती यापेक्षा ती कितीतरी महत्त्वाची आहे. मोटरहोमचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांना धरतो. उतारावर मागची चाकं पायांनी हवेत उचलली, की तो ब्रेक निरर्थक होतो आणि गाडी घसरू शकते. ट्रेलरला तर पार्किंग ब्रेकच नसतो, म्हणून ओढणाऱ्या गाडीपासून सोडवण्याआधी त्याच्या चाकांना ठोकळे लावायलाच हवेत. आणि पाय कितीही भक्कम वाटले तरी त्यांच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, चाकही बदलायचं नाही.

शिवाय एकाच कोपऱ्याला उचलत राहिलं तर चासी पिळवटते. क्लास ए मोटरहोमची समोरची काच प्रचंड असते, आणि तो पीळ तिच्यापर्यंत पोचतो. आयोवातली एचडब्ल्यूएच ही जुनी कंपनी पाय जोडीने उचलणारी रचना वापरते ती यासाठी. हाताने लेव्हल करतानाही पुढचे दोन किंवा एका बाजूचे दोन असेच चालवावेत.

लहान ट्रेलरवाल्यांसाठी दोनच वाक्यं. कोपऱ्यांत असतात ते कात्रीसारखे जॅक डुगडुग थांबवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नाहीत. आडवी लेव्हल चाकाखालच्या ठोकळ्याने आणि उभी पुढच्या जॅकने साधली की या सगळ्या वादाशी तुमचा संबंध संपला.

वापरलेली गाडी घेत असाल, आणि ती हायड्रॉलिक असेल, तर विक्रेत्याला ती रात्रभर पायांवर उभी ठेवायला सांगा. सकाळी थोडी खचलेली दिसली तर लगेच सिलिंडर गळतंय असं समजू नका. तेल गार झालं की आकसतं, अंशाला साधारण ०.०७ टक्के. सिलिंडरमध्ये तीस सेंटिमीटर तेल असेल आणि रात्रीत तापमान २० अंशांनी उतरलं, तर पाय चार मिलिमीटर खाली येतो. रात्री ऐकू येणारे ‘टक्’ आवाज बहुधा त्याचेच. चार मिलिमीटरच्या जागी चार सेंटिमीटर खचली असेल, तर मात्र किमतीची बोलणी नव्याने सुरू करा.