पावसाने ओढ दिली तर आवणाचं काय होतं?

मुरबाड-शहापूरकडच्या गटांत पाऊस लांबला की एकच प्रश्न येतो. आवण पिवळं पडलंय, पुन्हा पेरायचं की थांबायचं? पुन्हा पेरायचं म्हणजे बियाण्याला पुन्हा गटाचं कर्ज, म्हणून आधी रोप नीट बघूया.

2023 साली मोसमी पाऊस मुंबईत 25 जूनला पोचला, एरवी 11 जूनच्या सुमारास येतो. धूळवाफेतलं कोरडं बी इतके दिवस मातीत थांबू शकतं. घात करते ती एखादी सर. बी भिजलं, मोड आला आणि वर कडक ऊन पडलं, की मोड वाळतो. तो दाणा पुन्हा उगवत नाही.

उगवलेलं रोप पहिले बारा-पंधरा दिवस दाण्यातल्या शिदोरीवर जगतं. पुढे मुळांनीच कमवायचं. ओल संपली की पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं, पाणी उडू नये म्हणून. पण हवाही तिथूनच आत जाते, त्यामुळे अन्न बनणं मंदावतं. खत पाण्यात विरघळल्याशिवाय मुळांत शिरत नाही. म्हणून पिवळं दिसलं तरी कोरड्या वाफ्यात युरिया टाकू नका, रोप करपेल.

दुपारी पानाची सुरळी झाली तर घाबरू नका. सकाळी बघा. पान उघडलं असेल तर रोप तग धरून आहे. सकाळीही सुरळीच, शेंडे वाळलेले, दोन-चार रोपं उपटली तर पांढरं मूळ एकही नाही, तर त्या वाफ्याची आशा सोडा.

तग धरलेल्या आवणातलं गवत काढा, तेही पाणी पितं. संध्याकाळी हंड्याने पाणी शिंपडा. हंडा कुठून भरायचा, हे मात्र शहापूरच्या बायकांना विचारा. भातसा, तानसा त्यांच्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला!

मराठवाड्यातल्या सोयाबीनला तर लावणीचीही सोय नाही. म्हणून तिथे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं सांगतात.

आपलं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावलेलं बरं. जून झालं की फुटवे कमी येतात. तेव्हा चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपं लावा. म्हणजे आवण जास्त लागणार, तेव्हा कुणाकडे उरेल याची गटात आधीच विचारपूस करा. आणि पुढच्या वर्षी सगळं बी एकाच दिवशी पेरू नका, निम्मं आठ दिवसांनी पेरा.