धूम्रपानमुक्तीची औषधे आणि वजनवाढ

धूम्रपान सोडल्यानंतर शरीराचे वजन काही किलोंनी वाढणे हा निकोटिन बंद झाल्याचा अपेक्षित परिणाम होय. बहुतेकांमध्ये ही वाढ मर्यादित असते. तरीही तिच्या धास्तीने अनेक जण सिगारेट वा विडी सोडण्याचे टाळतात आणि काही जण सोडल्यानंतर वजनकाटा पाहून पुन्हा तिच्याकडे वळतात. निकोटिनचे च्युइंग गम किंवा पट्टी, ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या औषधांमुळे धूम्रपान सुटण्याची शक्यता वाढते. उपचार चालू असेतो ती वजनवाढही काही प्रमाणात रोखून धरतात. मात्र ती वजन कमी करण्याची औषधे नव्हेत.

पार्श्वभूमी

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (२०१६-१७) महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. राज्यात विडी-सिगारेटपेक्षा मळलेली तंबाखू आणि मशेरी यांचा पगडा मोठा असल्याने धूम्रपानमुक्तीच्या उपचारांची चर्चा मराठीत कमीच होते.

सिगारेट ओढल्याने अंग सडपातळ राहते ही समजूत जाहिरातींनी जोपासली. १९२८च्या सुमारास अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ या सिगारेटची जाहिरात गोड खाण्याऐवजी सिगारेट ओढा असे सुचवीत होती आणि तिचा रोख मुख्यतः स्त्रियांकडे होता. मराठवाड्यात कन्नडसारख्या तालुक्यात हीच गोष्ट वेगळ्या तोंडाने सांगितली जाते. शेतात किंवा ऊसतोडीवर राबणारा माणूस सडपातळ राहण्यासाठी विडी ओढत नाही. विडीने भूक मरते, म्हणून दोन घास पुढे ढकलता येतात, असे तो म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ‘भूक मरते’ हे निरीक्षण अचूक आहे.

कारणे

निकोटिन मेंदूतील भूक नियंत्रित करणाऱ्या केंद्रावर थेट परिणाम करते. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात, निकोटिन हायपोथॅलॅमसमधील तृप्तीची जाणीव देणाऱ्या चेतापेशींना उद्दीपित करते, असे दिसले. याशिवाय निकोटिनमुळे शरीराचा ऊर्जाखर्चही वाढतो. १९८६च्या एका लहान प्रयोगात दिवसाला २४ सिगारेटी ओढणाऱ्यांचा चोवीस तासांतील ऊर्जाखर्च सुमारे १० टक्क्यांनी जास्त भरला. निकोटिन बंद होताच भूक परत येते आणि खर्च घटतो. जिभेची चव सुधारते, शिवाय हाताला आणि तोंडाला काहीतरी चाळा हवा असतो. चिवडा, बिस्किटे, खारे शेंगदाणे त्या जागी येऊन बसतात.

किती वाढते

६२ अभ्यासांच्या २०१२ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, औषधाविना धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोंनी वाढले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे तिचा वेग मंदावतो. परंतु सरासरीवर विसंबून चालत नाही. त्याच विश्लेषणात सुमारे १६ टक्के लोकांचे वजन उलट कमी झाले होते, तर १३ टक्क्यांचे १० किलोंहून अधिक वाढले होते. अनेक वर्षे विडी ओढून हाडकलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तीन-चार किलोंची भर ही दोष न मानता प्रकृती सुधारल्याचे चिन्ह मानली पाहिजे.

वजन आणि धोका

मधुमेहाची भीती मात्र निराधार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, धूम्रपान सोडल्यानंतर ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात पहिली काही वर्षे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका वाढलेला आढळला. पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक होऊन नंतर हळूहळू उतरला. ज्यांचे वजन वाढले नाही त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हृदयविकाराने व एकूणच मृत्यू येण्याचा धोका मात्र वजन वाढो वा न वाढो, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपेक्षा सोडणाऱ्यांत कमीच राहिला. त्याआधी २०१३ मध्ये फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातूनही, मधुमेह नसलेल्यांत वजनवाढीमुळे हृदयाला होणारा लाभ पुसला जात नाही, असे दिसून आले होते.

औषधे

निकोटिनचे च्युइंग गम भारतात २ मिलिग्रॅम मात्रेत चिठ्ठीविना मिळते. ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. हे नेहमीच्या गमसारखे सतत चघळायचे नसते. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावून ते गालात दाबून ठेवावे लागते. तंबाखूचा बार भरणाऱ्यास ही रीत परकी वाटत नाही. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी टाळावी, कारण आम्ल पेयांमुळे निकोटिन नीट शोषले जात नाही.

ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरील औषध असून ते सिगारेट सोडण्याच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. अपस्माराच्या रुग्णांना ते देत नाहीत. वजनाच्या धास्तीने उपाशी राहणे किंवा खाऊन मुद्दाम ओकारी काढणे असा आहारविकार असलेल्यांनाही ते वर्ज्य आहे, कारण त्यांच्यात झटके येण्याचा धोका वाढतो. वजनाच्या चिंतेमुळेच हे औषध मागणाऱ्या व्यक्तीने ही बाब डॉक्टरांपासून लपवू नये.

व्हॅरेनिक्लिन मेंदूतील निकोटिनच्या ग्राहींवर अंशतः काम करून तलफ कमी करते आणि सिगारेटमधून मिळणारे समाधानही घटवते. उपचार साधारणतः १२ आठवडे चालतो. मळमळ हा त्याचा सर्वांत सामान्य त्रास असून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर गोळी घेतल्यास तो कमी होतो. त्याच्या मानसिक दुष्परिणामांविषयीचा ठळक इशारा, ८,००० हून अधिक जणांवरील चाचणीनंतर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये काढून टाकला.

कॉक्रेनच्या आढाव्यानुसार उपचाराच्या अखेरीस ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे १ किलोने, तर निकोटिनयुक्त उत्पादने घेणाऱ्यांचे सुमारे अर्ध्या किलोने कमी वाढलेले होते. औषध थांबल्यावर हा फरक बराचसा मावळतो. व्यायामाचे उलट आहे: सुरुवातीला त्याचा परिणाम दिसत नाही, पण वर्षअखेर सुमारे २ किलोंचा फरक पडतो.

आहार आणि मनःस्थिती

सिगारेट आणि खाणे एकाच वेळी तोडण्याचा आग्रह फारसा फलद्रूप होत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वजनाची धास्ती असलेल्या २१९ स्त्रियांपैकी ज्यांना थोडी वजनवाढ स्वीकारण्याचे समुपदेशन दिले गेले त्यांच्यापैकी २१ टक्के वर्षभर सिगारेटपासून दूर राहिल्या. नेहमीचे समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. वजन आटोक्यात ठेवण्याचे धडे दिलेल्या गटाचे यश या दोहोंच्या मधले होते. कडक पथ्यापेक्षा किरकोळ फेरफार अधिक टिकतात: तलफ आली की साखर न लावलेली बडीशेप, काकडी, फुटाणे किंवा पातळ ताक. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा होत असेल तर त्या साखरेतूनच दीडशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात.

चहाबाबत आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचे विघटन जलद करते. धूर थांबल्यावर तेवढ्याच चहाने छातीत धडधड व अस्वस्थता जाणवू शकते आणि ती निकोटिनची तलफ समजली जाते. याच कारणाने दम्यासाठी किंवा जुनाट श्वसनविकारासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांची मात्रा डॉक्टरांना कमी करावी लागू शकते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांनीही सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तशर्करा अधिक वेळा तपासावी.

उपलब्धता

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला असून त्यात जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्रांची तरतूद आहे. १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते. ती २०१६ मध्ये दिल्लीतील वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातही तिचे केंद्र झाले. कन्नडच्या रहिवाशांसाठी सर्वांत जवळचे मोठे शासकीय रुग्णालय छत्रपती संभाजीनगर येथील ‘घाटी’ होय. सिगारेटला पर्याय म्हणून सुचवली जाणारी ई-सिगारेट भारतात २०१९च्या कायद्याने प्रतिबंधित आहे.